मेजरच्या मुठीची काठी

१९ ऑगस्ट १९८१, बुधवार

ही डायरी वेणीमाधवरावांनी दिली. बँकेची आहे. ते रिटायर झाले तरी बँक त्यांना डायरी पाठवते, आणि ते ती आठ महिने कोरी ठेवून मला देतात. म्हणाले, "सावळीरामभाऊ, तुमची मापं तोंडात राहतात. लिहीत चला, नाहीतर तुमच्याबरोबर जातील."

मी म्हटलं, मी कुठं निघालोय? पण घेतली. कोरा कागद नको म्हणायची माझी छाती नाही.

तर मापं. देवळालीगावच्या रस्त्याला माझं दांड्यांचं दुकान. कुऱ्हाड, कुदळ, पावडं, टिकाव, सगळ्यांना दांडे बसवतो. मला हे कुणी शिकवलं नाही. छावणीच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं होतो, तिथं मोडके दांडे फेकून द्यायचे. ते घरी आणून का मोडले ते बघत बसायचो. मोडक्या दांड्याइतका चांगला मास्तर नाही, खोटं बोलत नाही आणि छडी मारत नाही.

माझ्याकडं एकच शिस्त. गिऱ्हाइकानं जुना दांडा घेऊन यायचा. जिथं झिजलाय तिथं त्याचा हात, जिथं चकाकतोय तिथं त्याचा जोर. माणूस स्वतःबद्दल काहीबाही सांगतो, झीज खरं सांगते. चाळीस वर्षांत माझा एक दांडा परत आलेला नाही. सायखेड्याहून माणसं येतात ती उगाच नाही.

दोन वर्षांपासून गोल्फच्या काठ्याही येतात. छावणीच्या पलीकडं माळावर मैदान आहे, नऊ भोकांचं. तिथली पोरं एकदा मोडकी काठी बांधायला घेऊन आली, तेव्हापासून. काठी म्हणजे तरी काय, लांब दांड्याचं खुरपंच. फक्त त्यानं काही उगवत नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

वेणीमाधवराव मैदानावरून सरळ दुकानात. स्कूटर लावली आणि काठ्यांची पिशवी धाडकन खाली टाकली. एवढा शांत माणूस. गंगापूर रोडला राहतात, घराणं नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, यात्रेकरूंची पूजा सांगणारं, आवाज चढवायची सवय नाही.

नऊ भोकांना चौऱ्याहत्तर फटके लागले. डॉक्टर बाळाजीरावांना बावन्न, मेजरसाहेबांना शेहेचाळीस. या खेळात कमी फटके तो शहाणा. हे तिघं सहा वर्षं रविवारी सकाळी एकत्र खेळतात.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं डॉक्टर म्हणाला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. आणा बघू."

काठ्या चांगल्या आहेत, लोखंडी नळीच्या, मुठीला चामडं गुंडाळलेलं. पातं उलटं करून बघितलं. टाचेकडं, म्हणजे दांड्याजवळ, घासलंय, पुढचा पंजा नवाकोरा. म्हणजे काठी लांब पडतेय, टाच आधी टेकते. सोपं काम. अर्धा इंच कापायला ठेवल्या.

बायकोनं, चांगुणानं, चहा आणला. वेणीमाधवरावांनी डाव्या हातानं कप घेतला, मग गडबडीनं उजव्यात घेतला आणि बशीत सांडला. चिडलेला माणूस, हात कापत असणार.

६ सप्टेंबर, रविवार

शहात्तर. काठी आखूड केल्यावर दोन वाढले.

चामड्यावरची झीज पुन्हा नीट बघितली. उजवा हात खाली, चांगला दाबून धरलेला, अंगठ्याचा खळगा सुरेख पडलाय. इतकी स्वच्छ झीज असलेल्या माणसाला खेळ यायला हवा. चामड्याखाली पट्टी घालून मूठ किंचित जाड केली, पात्याच्या मागं शिसं घातलं, बोटावर तोलून बघितली. आता नाही जमलं तर माझं नाव सांगू नका.

७ सप्टेंबर, सोमवार

वेणीमाधवराव आज एकटेच आले, काठ्यांशिवाय. खिशातून कागद काढला. मैदानाच्या कमिटीची नोटीस. रविवारी सकाळी फार गर्दी होते, मागचे लोक खोळंबतात, म्हणून दिवाळीच्या आठवड्यापासून नऊ भोकांना साठपेक्षा जास्त फटके घेणाऱ्यांनी दुपारी तीननंतर यावं. १८ ऑक्टोबरला सगळ्यांची परीक्षा, त्या दिवशीचा आकडा धरणार. खाली सह्या.

"तिसरी सही बघा," ते म्हणाले. मेजरसाहेबांची होती.

मी म्हटलं, "दुपारी तर दुपारी. मैदान काय पळून जातं?"

ते रंधा हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "भाऊ, मला घरी आई दादा म्हणते, बँकेत साहेब म्हणायचे. बायको, मालिनी, गेल्यापासून नावानं हाक मारणारं कुणी नाही. रविवारी सकाळी हे दोघं मला वेण्या म्हणतात. सात ते दहा. बाकी आठवडा मी कुणाचा वेण्या नसतो."

त्यांच्या अंगावर माशी बसली होती, ती त्यांनीच टिपली. डाव्या हातानं, न बघता. नेम बरा आहे. मग गोल्फमध्येच काय होतं कळत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

काल त्र्याहत्तर. काठी दुसऱ्यांदा परत आली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चांगुणाला म्हटलं, "माझा हात गेला."

ती म्हणाली, "हात हाय तिथंच हाय. डोळे गेले का बघा."

काय म्हणायचं होतं विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला ठावं असंल म्हणून बोलले नाय," आणि भाकऱ्या थापायला गेली. चांगुणाचं बोलणं म्हणजे कुळथाचं कढण, शिजल्याशिवाय कळत नाही.

२० सप्टेंबर, रविवार

दुसऱ्या दोघांचं काम मात्र फक्कड जमलं. डॉक्टर बाळाजीरावांच्या भाच्यानं परदेशातून काठ्या पाठवल्यात, भाचा सहा फुटी आणि हे आगगाडीच्या खिडकीपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. इंचभर कापल्या, मनगटाच्या उंचीवर आणल्या. एकावन्नवरून आज सत्तेचाळीस. मेजरसाहेबांच्या नव्या काठ्यांची मूठ जाड केली, त्यांचे पंजे सुपाएवढे. आज त्रेचाळीस.

डॉक्टर दुकानात येऊन म्हणाले, "सावळीराम, तू माझं वय दहानं कमी केलंस. आता वेण्याचं बघ. तो दुपारी गेला तर आम्ही हसायचं कुणाला?"

मी म्हटलं, "हसायला माणूस पाहिजे म्हणून?"

"नाहीतर काय," डॉक्टर म्हणाले, आणि खिशात नसलेलं काहीतरी शोधत राहिले.

२३ सप्टेंबर, बुधवार

आज मेजरसाहेब आले. नोटिशीबद्दल माझ्या मनात राग होता, म्हणून स्टूल पुसलं नाही.

कोपऱ्यात वेणीमाधवरावांची काठी उभी होती. ती त्यांनी सहज उचलली. माझ्या डोळ्यादेखत त्यांची बोटं चामड्यावरच्या झिजेत जाऊन बसली. एकेक बोट, अंगठ्यासकट. म्यानात तलवार जावी तशी.

"माझी जुनी," मेजर म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी वेण्याला दिली. अजून हाताला बसते बघ, मिस्त्री."

माझ्या हातातली कानस खाली पडली.

महिनाभर मी वेणीमाधवरावांना काठी बसवत नव्हतो. मेजरला बसवत होतो. आणि मेजर तिथं नव्हताच. माझी शिस्त खोटी नव्हती, दांडा दुसऱ्याचा होता. विचारायला हवं होतं, काठी तुमचीच का? शेतकऱ्याला कधी विचारावं लागलं नाही. दुसऱ्याच्या कुऱ्हाडीवर कोण सहा वर्षं काढतो?

मेजरना म्हटलं, "साहेब, त्या नोटिशीवर तुमची सही आहे."

ते म्हणाले, "रांग लागते. नियम पाहिजे." मग काठी खाली ठेवली, फार हळू ठेवली. "सही करताना वेण्याचा आकडा डोक्यात आला नाही. त्याचे फटके मोजायची आम्हाला सवयच नाही." आणि चहा न घेता गेले. नंतर मला स्टूल न पुसल्याचं वाईट वाटलं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

ज्यानं आयुष्यात हत्यार धरलं नाही त्याची झीज कुठून आणायची? ती करवून घ्यायची. नवा धावड्याचा दांडा घेतला, हात कुठं पडतो ते उमटावं म्हणून दिव्याची काजळी तेलात कालवून त्यावर फासली, कुऱ्हाडीला बसवला आणि वेणीमाधवरावांना परसात उभं केलं. समोर बाभळीचं लाकूड. "फोडा," म्हटलं.

"आई बघेल तर," ते म्हणाले.

"आई गंगापूर रोडला आहे. फोडा."

पहिले चार घाव लाकडाच्या आजूबाजूला पडले. जमीन चांगली फुटली. मग मी कोंबडी हाकलायला वळलो आणि मागं खाट आवाज आला. लाकडाची दोन शकलं. पुन्हा खाट. पुन्हा. आणि बघतो तर दांडा उलटा धरलेला, डावा हात खाली, उभे दुसऱ्याच अंगाला.

मी सवयीनं म्हणालो, "उलटा धरलात, राव."

ते एकदम थिजले. एकसष्ट वर्षांचा माणूस, बोटं पाठीमागं लपवली. काजळीची बोटं, धोतर काळं झालं.

दारातून चांगुणा म्हणाली, "उलटा कशानं? त्यांचा तो सुलटा हाय. पहिल्या दिसापास्नं बघतेय मी. कप त्या हातानं, माशी त्या हातानं, स्कूटरची चावी त्या हातानं. तुमी आपले काठीच बघत बसले, माणसाकडं कोन बघनार?"

मग त्यांनी सांगितलं. घराणं पूजा सांगणारं. यजमानापुढं डावा हात आला की वडील दर्भाच्या जुडीनं बोटांवर मारायचे. तरी ऐकेना तेव्हा आईनं वर्षभर हात पंच्यानं पाठीशी बांधला. "हळूहळू मीच विसरलो," म्हणाले. "मला वाटायचं, मी जात्याच वेंधळा आहे."

चांगुणानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. काजळी निघाली नाही. "राहू द्या," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं चहा प्यायले. सगळा. बशीत एक थेंब नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

डावऱ्या काठ्या नाशकात मिळत नाहीत. मुंबईला विचारलं, तिथला दुकानदार फोनवर हसला म्हणे. तेव्हा आपणच.

दोन लोखंडी पाती सहादू लोहाराकडून घडवून घेतली. जुनी पाती आरशात धरून जशी दिसतील तशी घडव, म्हटलं. सहादू म्हणाला, "आरसा भट्टीत घालू का?" पण केली. लांब मारायची काठी मी केली, शिसवीचं डोकं, पोटात शिसं. भोकात ढकलायची काठी दोन्ही बाजूंनी सपाट, ती कुठल्याही हाताची. चारच काठ्या, लोकांकडं चौदा असतात. पण भाकरीला तवा एकच लागतो.

मूठ काजळीच्या डागांवरून काढली. ही झीज त्यांची स्वतःची, तासाभराची असली तरी.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी विहारात जाऊन आलो, पांढरे कपडे. दुपारी वेणीमाधवराव आपट्याची पानं घेऊन आले आणि डाव्या हातानं दिली. मुद्दाम. देताना दाराकडं बघून घेतलं.

११ ऑक्टोबर, रविवार

माळावर सरावाला मी पिशवी घेऊन गेलो. पहिला फटका मातीत. दुसरा मातीत. तिसरा गेला. असा गेला की टिटव्या उठल्या. ते चेंडूकडं बघतच राहिले, जसं कुणी ओळखीचं माणूस लांबून जाताना दिसावं.

आकडा चौसष्ट. एका आठवड्यात चार कमी करायचे आहेत.

कमिटीच्या सेक्रेटरींनी काठ्या हातात घेऊन बघितल्या. "या घरगुती दिसतात. नियमात बसतात का?" वेणीमाधवरावांनी नियमांचं पुस्तक आधीच वाचलं होतं, बँकेचा माणूस. म्हणाले, "काठी कुठं विकत घ्यावी, असं यात कुठंही नाही. तुम्ही शोधा." सेक्रेटरी पाऊण तास शोधत होते.

१८ ऑक्टोबर, रविवार

परीक्षा. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला नीट उमगलेलं नाही.

तिघं एकत्र, मी वेणीमाधवरावांची पिशवी घेऊन. सेक्रेटरी वही घेऊन मागून. वेणीमाधवराव सुंदर खेळले. पाचव्या भोकापाशी मात्र घात झाला. चेंडू बाभळीच्या बुंध्याला अडकला, डाव्या बाजूनं उभं राहायला जागा नाही, बाहेर काढण्यात आठ फटके गेले. आठ भोकं संपली तेव्हा अठ्ठावन्न. मेजरसाहेब बेचाळीस, डॉक्टर पंचेचाळीस.

शेवटच्या भोकाला दोन फटक्यांत संपवायचं म्हणजे चमत्कार. दोन मारले, दोन्ही चांगले, पण भोक अजून साठ पावलं. त्यांनी टोपी काढली. "चला, संपलं," म्हणाले. "तुम्ही पुढं व्हा रे." आणखी तीन फटके मारून चेंडू आत घातला. त्रेसष्ट. चौऱ्याहत्तरवरून त्रेसष्ट, पण साठ नव्हे. सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

इथून पुढं बिघाड. डॉक्टर बाळाजीरावांचा चेंडू भोकापासून दोन विती. डोळे मिटून जाईल. भोकाभोवती गवत नाही, तेल घालून दाबलेली वाळू, सपाट. डॉक्टरांनी वेणीमाधवरावांकडं बघितलं, मेजरकडं बघितलं, आणि असा फटका हाणला की चेंडू वाळू ओलांडून झुडपात. तिथून मारला तो नाल्यात. नाल्यातून काढला तो पुन्हा पलीकडच्या झुडपात. मी ओरडलो, "डॉक्टर, मनगट सैल सोडा." ते म्हणाले, "सोडतोय, सावळीराम, सोडतोय. काठीच ऐकत नाही."

ती काठी मी कापली होती.

मेजरसाहेब ताठ उभे राहून हे बघत होते. तोंडावरची रेषा हलली नाही. मग त्यांनी आपला चेंडू, तोही भोकाजवळच, उलट दिशेला मारला. परत आणला, पुन्हा ओलांडून गेला. स्वतःच मोठ्यानं मोजत होते, कवायतीसारखं. "अकरा. बारा. तेरा." सेक्रेटरी म्हणाले, "मेजर, हे काय चाललंय?" मेजर म्हणाले, "खेळ. चौदा." अठरा झाल्यावर एक क्षण थांबून वहीत डोकावले, आणि एकोणिसावा अलगद आत.

बेचाळीस आणि एकोणीस, एकसष्ट. डॉक्टर पंचेचाळीस आणि सोळा, तेही एकसष्ट. काय योगायोग.

सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्यासाठी कमिटी विचार करेल, एखादा वाईट दिवस..."

"नियम नियम आहे," मेजर म्हणाले. "सही माझी आहे. दुपारी तीन. लिहा."

वेणीमाधवराव चष्मा पुसत होते. फार वेळ पुसत होते. माळावर धूळ फार, चाळणीतून पीठ पडावं तशी.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दोघांच्याही काठ्या मागवून घेतल्या. मनगटाचं माप, पात्याची टाच, पंजा, मुठीची जाडी, बोटावरचा तोल, सगळं तीनदा तपासलं. केसाचाही फरक नाही.

चांगुणाला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता परातीतलं पीठ सोडून खाली बसली आणि पदर तोंडात घालून हसायला लागली. काय झालं म्हणून विचारलं. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "काय नाय. तुमी मापं घ्या."

२५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी तीनला मैदानावर गेलो. सकाळची मंडळी कधीच घरी गेलेली, माळ मोकळा. तिघंच. लांबूनच ऐकू आलं, "वेण्या, आवर, ऊन उतरतंय." वेणीमाधवरावांनी शिसवीची काठी घेतली आणि चेंडू पार नाल्यापलीकडं. डॉक्टर म्हणाले, "डावरा आहे, लबाडी करतोय." दिवाळी दोन दिवसांवर, म्हणून चांगुणानं दिलेल्या चकल्या तिघांनी खेळता खेळताच संपवल्या. मागं कुणी खोळंबलेलं नव्हतं, म्हणून तीन तास कुणी कुणाला घाई केली नाही. इतकी मजा सकाळी येत नव्हती, असं मेजर स्वतः म्हणाले.

आकडे: वेणीमाधवराव साठ. डॉक्टर सत्तेचाळीस. मेजर बेचाळीस.

म्हणजे काठ्या ठीकच होत्या. मी खूप विचार केला आणि आता मला कळलंय. परीक्षेचं दडपण. मोठमोठ्या माणसांचे हातपाय ऐनवेळी गळतात, त्यात दोघांचीही साठी उलटलेली. त्यांना ओशाळवाणं वाटू नये म्हणून मी त्या दिवसाचा विषयही काढला नाही. वेणीमाधवरावांनाही बजावून ठेवलं, "त्यांना विचारू नका, वाईट वाटेल."

ते म्हणाले, "नाही विचारणार, भाऊ."

शहाणा माणूस. समजून घेतलं.